कोइंब्रात एक्स्चेंजला चाललाय? घर, पायऱ्या, कॅन्टीन आणि बाकीचं सगळं

माझं मास्टर्स जर्मनीत चालू होतं आणि तिथून एक सेमिस्टर, मग हट्टाने वाढवून घेऊन दोन, मी पोर्तुगालमधल्या कोइंब्रात काढली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, ताई कोइंब्राला नंबर लागलाय, काय काय करू? प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. यातलं निम्मं मी चुका करून शिकले, तेवढ्या चुका तुम्ही करू नका, तुमच्या नव्या करा.

आधी गावाचा नकाशा डोक्यात बसवा. टेकडीच्या माथ्यावर विद्यापीठ, खाली मोंडेगो नदी, वरच्या भागाला म्हणतात आल्ता आणि खालच्या बाजारपेठेला बाइशा. विद्यापीठ १२९० सालचं, सुरू झालं लिस्बनला, मग अडीचशे वर्षं लिस्बन-कोइंब्रा अशा वाऱ्या करून १५३७ ला कायमचं इथे आलं, तेही राजाच्या वाड्यात. म्हणजे खरोखरच्या राजवाड्यात लेक्चर होतात आणि तुम्ही बॅग लटकवून घाईत निघालेले असताना टुरिस्ट तुमचा फोटो काढतात. २०१३ ला युनेस्कोच्या यादीत आलं तेव्हापासून गर्दी आणखी वाढलीय म्हणे.

पण सगळ्यांची लेक्चर वाड्यात नसतात, आणि इथेच लोक गंडतात. लॉ, भाषा-इतिहास, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री वर आल्तात, तो पोल एक, म्हणजे पहिला कॅम्पस. इंजिनिअरिंग पोल दोनला, ते शहराच्या दुसऱ्या टोकाला नदीच्या बाजूला. मेडिसिन आणि फार्मसी पोल तीनला, मोठ्या हॉस्पिटलजवळ, सेलाश भागात. इकॉनॉमिक्सची फॅकल्टी वेगळीच, स्पोर्ट्सवाले नदीपलीकडे सांता क्लाराला. त्यामुळे ‘सेंटरला रूम मिळाली’ म्हणून उड्या मारायच्या आधी आपली फॅकल्टी कुठे आहे ते बघा. आमच्यातल्या एका इंजिनिअरिंगवाल्याने जुन्या कॅथेड्रलच्या बाजूला झकास खोली घेतली आणि अख्खं सेमिस्टर आधी टेकडी उतर, मग बस पकड, असं करत काढलं.

नकाशावर न दिसणारी दुसरी गोष्ट म्हणजे चढ. गूगल म्हणतं सहा मिनिटं, पण ती सहा मिनिटं उभी आहेत. प्रासा दा रेपुब्लिका हा विद्यार्थ्यांचा चौक, तिथून वर विद्यापीठाकडे जाणाऱ्या मोन्युमेंटल पायऱ्या १२५ आहेत, आणि बाइशातून वर येणाऱ्या एका गल्लीचं नावच केब्रा-कोश्ताश आहे, म्हणजे पाठमोडी. पर्वतीवर जायची सवय असेल तर पहिल्या आठवड्यात जमेल, नसेल तर तिसऱ्यात. चढ जमतो हो, खरा त्रास उतारावर. रस्ते सगळे छोट्या छोट्या दगडांचे, पाऊस पडला की तेल ओतल्यासारखे. स्पोर्ट्स शूज चांगल्या ग्रिपचे आणा, गुळगुळीत तळव्याचे बूट घालून मी ऑक्टोबरमध्येच दोनदा बसले, एकदा तर टुरिस्ट ग्रुपच्या समोर.

आता घर. यावर जरा जास्त लिहिते कारण सगळं सुखदुःख यावर आहे.

पोर्तुगाल म्हणजे ऊन, समुद्र, टीशर्ट, असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. कोइंब्राचा हिवाळा बर्फाचा नाही, पावसाचा आहे, आणि जुन्या घरांना सेंट्रल हीटिंग नसतं. जर्मनीत मायनस दहाला मी घरात हाफ बाहीत बसायचे, इथे बाहेर दहा डिग्री आणि घरात पण तेवढंच, वर ओल. भिंतीला काळी बुरशी येते, कपाटातले कपडे दमट लागतात, दोरीवरची जीन्स चार-चार दिवस वाळत नाही. म्हणून खोली बघताना पहिला प्रश्न वायफायचा नको, खिडकीचा पाहिजे. जाहिरातीत ‘क्वार्तो इंतेरिओर’ असं लिहिलेलं असलं तर ती बिनखिडकीची खोली, स्वस्त असते, घेऊ नका. खिडकी असली तर ऊन कुठल्या बाजूने येतं ते विचारा. कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा, लाजू नका. नुकताच पांढरा रंग मारलेला असेल तर दुप्पट संशय घ्या. आणि घरात डीह्युमिडिफायर आहे का विचारा, नसेल तर चार जणांत मिळून सेकंडहँड घ्या, मी हीटरपेक्षा त्याच्यावर जास्त प्रेम केलं, रोज सकाळी त्यातून तांब्याभर पाणी निघायचं.

मी होते तेव्हा खोलीचं भाडं साधारण अडीचशे ते चारशे युरो होतं. लाईट-पाणी-गॅस त्यात धरलाय का हे वेगळं विचारायचं, ‘देश्पेझाश इंक्लुईदाश’ म्हणजे सगळं धरून. बऱ्याच घरांत गॅस सिलिंडरवर असतो, आपल्यासारखाच, आणि गीझर पण त्याच सिलिंडरवर, त्यामुळे सिलिंडर संपतो तो नेमका तुमच्या केसांत शाम्पू असताना. दुसरा सिलिंडर भरलेला आहे ना हे रविवारच्या आधी बघत जा.

डिपॉझिटची माझी कहाणी थोडक्यात सांगते. जर्मनीतूनच ऑनलाइन खोली बुक केली, फोटो मस्त, मालक मेसेजवर एकदम गोड, दोन महिन्यांचे पैसे आधी पाठवले. पोचले तर त्या पत्त्यावर चपलांचं दुकान. पैसे गेले ते गेलेच. म्हणून सांगते, पहिले सात-आठ दिवस हॉस्टेलला राहा, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आतच पोचा, आणि पायी फिरून घरं बघा. खिडक्यांवर, खांबांवर, कॅन्टीनच्या बोर्डावर कागद चिकटवलेले असतात, कित्येक म्हाताऱ्या मालकिणी इंटरनेटवर नसतातच. मला घर मिळालं ते असंच, एका बेकरीत विचारून. मालकीण आजी सत्तरीच्या पुढच्या, एक शब्द इंग्लिश नाही, पण कॉन्ट्रॅक्ट केलं आणि दर महिन्याला रितसर पावती दिली. हे दोन कागद सोडू नका, पत्त्याचा पुरावा लागतो तेव्हा याच्याशिवाय काही चालत नाही.

याच आजींमुळे मला एक शोध लागला. पहिल्या दिवशी त्या हातात किल्ली देत म्हणाल्या ‘शाव्ह’, आणि लिहून दाखवलं तर ती आपली चावी! मग बाथरूममध्ये ‘साबाँव’, म्हणजे साबण, किचनमध्ये ‘बताता’, बेकरीतला ‘पाँव’ तर काय विचारायलाच नको. इस्त्री, लिलाव, पगार, कोबी, नाताळ, हे सगळे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनीच सोडलेत. सासष्टी-वसईकडचे किंवा गोव्याचे असाल तर तुम्हाला हे नवीन नसेल, मी सांगलीची, मला त्या दिवशी लॉटरी लागल्यासारखं झालं.

भाषेचं मात्र फसवं आहे. लिहिलेलं समजायला लागतं पण ऐकलेलं नाही, कारण इथले लोक स्वर गिळतात, अर्धा शब्द तोंडातच राहतो. ब्राझीलचे विद्यार्थी खंडीभर आहेत आणि त्यांचं बोलणं मोकळं, म्हणून ॲपवर ब्राझीलचं पोर्तुगीज शिकून येणाऱ्याला वाटतं आपल्याला येतंय, आणि मग बस ड्रायव्हर काहीतरी बोलतो आणि संपलं. इथल्या रेडिओची सवय लावा, विद्यार्थ्यांचं स्वतःचं स्टेशन आहे, १०७.९ एफएम, घरी चालू ठेवायचं. बीएच्या पातळीवरचे क्लास बहुतेक पोर्तुगीजमध्येच असतात, मास्टर्सला इंग्लिश मिळतं पण सगळीकडे नाही, लर्निंग ॲग्रीमेंट, म्हणजे कुठले विषय घेणार त्याचा करार, करताना प्रत्येक विषयाची भाषा मेल करून विचारा. आणि मान द्यायला विसरू नका. मित्रांत ‘तू’, तो तर आपलाच शब्द, पण म्हाताऱ्या माणसांना, प्रोफेसरला, ऑफिसमधल्या बाईंना ‘तू’ नाही, त्यांना सेन्योर, सेन्योरा, प्रोफेसोरा. ब्राझीलवाल्यांचं ‘व्होसे’ (तू/तुम्ही) शिकून आला असाल तर तो पण जरा जपून, इथे कित्येकांना तो उद्धट वाटतो. थँक्यू म्हणताना पुरुषांनी ओब्रिगादू, बायकांनी ओब्रिगादा, हे स्वतःकडे बघून ठरतं, समोरच्याकडे बघून नाही, माझा एक मित्र दोन महिने उलटं करत होता.

कागदपत्रांचं झटपट सांगते. भारतातून थेट येत असाल तर पोर्तुगालचा नॅशनल व्हिसा, टुरिस्टचा शेंगेन नाही, आणि ॲडमिशनचं पत्र हातात आल्या आल्या कामाला लागा. माझ्यासारखे आधीच युरोपियन युनियनमधल्या दुसऱ्या देशात शिकत असाल तर मोबिलिटीचा नियम आहे, एक्स्चेंज कराराखाली ३६० दिवसांपर्यंत, पण ते आपोआप होत नाही, कळवावं लागतं, कोणी कळवायचं ते दोन्ही विद्यापीठांना मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. जर्मनीचा सरकारी इन्शुरन्स असेल तर कार्डाच्या मागची निळी बाजू इथे चालते. पोचल्यावर पहिलं काम निफ, म्हणजे टॅक्स नंबर, तो टॅक्स ऑफिसात मिळतो, सकाळी उघडायच्या आधी जाऊन लाईनला उभं राहायचं. निफ नसेल तर भाड्याचं कॉन्ट्रॅक्ट, बँक, फोनचा प्लॅन सगळीकडे अडतं. आणि सुपरमार्केटमध्ये कॅशियर दर वेळी पुटपुटते ‘कोंत्रिबुइन्त?’, ती बिलावर हाच नंबर टाकायचा का विचारत असते, मान हलवून नाही म्हणायचं आणि पुढे जायचं. मी महिनाभर तिला प्रत्येक वेळी ‘कार्ड’ असं उत्तर देत होते. तसंच काही छोट्या कॅफेंमध्ये बाहेरच्या देशाचं कार्ड चालत नाही, खिशात वीस युरो ठेवा. इमर्जन्सीला ११२, आणि साधं आजारपण असेल तर आधी ८०८ २४ २४ २४ वर फोन करायचा, ते सांगतात कुठे जायचं.

जेवण! विद्यापीठाची कॅन्टीन हा इथला सगळ्यात मोठा आधार. मी होते तेव्हा तीन युरोच्या आत ताट मिळायचं, सूप, मेन डिश, पाव, फळ. कॅन्टीन बरीच आहेत, पिवळं, निळं अशी रंगांवरून नावं, आणि प्रत्येकाचं स्वतःचं पब्लिक आहे. शाकाहारी लोकांनो घाबरू नका, २०१७ च्या कायद्याने पोर्तुगालमधल्या सरकारी कॅन्टीनमध्ये रोज एक शाकाहारी पर्याय ठेवावाच लागतो, आणि त्यांचं शाकाहारी म्हणजे दूध-अंडं पण नाही. चव? हरभरे आणि टोफू, टोफू आणि हरभरे. लिंबाचं लोणचं सोबत न्या, कोणी काही म्हणत नाही, उलट मागून घेतात. बाहेर मात्र विचारूनच खा, काल्दो व्हेर्द नावाचं हिरवं सूप दिसायला भाजीचं पण त्यात सॉसेजची चकती तरंगत असते. हॉटेलात बसल्या बसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नाही, हात लावला की बिलात येतं, नको असेल तर सरळ परत न्यायला सांगा, कोणाला राग येत नाही. मांसाहारी असाल तर शान्फाना खा, रेड वाइनमध्ये मातीच्या भांड्यात तासन्तास शिजवलेलं शेळीचं मटण, कांदाभाकरीची आठवण येते पण मटण एक नंबर. मसाला लिस्बनला मार्तिम मोनीझ भागात ढिगाने मिळतो, कोणी जाणारं असलं की यादी द्यायची. कुकर घरून आणा.

क्लासचं एवढंच की नऊ म्हणजे सव्वानऊ, पंधरा मिनिटांची ‘अकॅडमिक’ सूट आहे, पण परीक्षेला ती नाही. मार्क वीसपैकी, दहाला पास. पंधरा मिळाले तर रडू नका, इथे पंधरा चांगले आणि अठरा म्हणजे प्रोफेसरचं लग्न ठरलेलं असणार. नापास झालात तर ‘रेकुर्सो’ नावाचा दुसरा चान्स असतो, त्याची तारीख बघूनच परतीचं तिकीट काढा.

आता मला जे खरं सांगायचंय ते. पहिल्या शुक्रवारी दुपारी गल्लीतून सगळीकडून खडखड खडखड आवाज यायला लागला, खिडकीतून बघितलं तर पोर्तुगीज पोरंपोरी चाकाच्या बॅगा ओढत स्टेशनकडे चाललेली. वीकेंडला सगळे आईकडे जातात, कपडे धुवायला आणि डबे आणायला. शनिवारी गाव रिकामं आणि उरतात फक्त एक्स्चेंजवाले, मग ते एकमेकांतच पार्ट्या करतात, एकमेकांतच फिरतात, आणि पाच महिन्यांनी पोर्तुगालमध्ये राहून इटलीची भाषा शिकून परत जातात. मी पहिले दोन महिने हेच केलं. म्हणून नियम लावून घ्या, सोमवार ते गुरुवार इथल्या लोकांसाठी. इथे रात्री पण गुरुवारचीच मोठी असते.

इथल्या लोकांत शिरायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे विद्यार्थी संघटना, १८८७ ची, पोर्तुगालमधली सगळ्यात जुनी. नाटक, कोरस, बुद्धिबळ, रग्बी, रेडिओ, सगळ्याचे सेक्शन आहेत आणि भाषा येत नसली तरी घेतात. माझी रूममेट नाटकाच्या ग्रुपमध्ये लाइट धरायला गेली आणि तीन महिन्यांत माझ्यापेक्षा भारी बोलायला लागली.

दुसरा रस्ता रेपुब्लिका. ही विद्यार्थ्यांनीच चालवलेली जुनी घरं, दहा-बारा जण एकत्र राहतात, स्वयंपाक, भांडी, हिशोब, नव्या माणसाला घ्यायचं का नाही, सगळं एकत्र बसून ठरवतात. भिंती रंगवलेल्या, दारावर विचित्र नावं, एकाचं नाव ‘प्रा-किश-ताँव’ आहे, ऐकायला पाकिस्तान आणि अर्थ साधारण ‘असे इथे पडलेत’. १९६९ मध्ये हुकूमशाहीच्या विरोधात कोइंब्राच्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं तेव्हा या घरांत बैठका चालायच्या, आजही राजकारण जेवणाबरोबर वाढलं जातं. तिथे हॉटेलसारखं जाता येत नाही, ओळखीने जेवायला जायचं, दोन-तीन युरो डब्यात टाकायचे आणि जेवण झाल्यावर न सांगता भांडी घासायला लागायचं. भांडी घासली की दुसरं आमंत्रण पक्कं. असंच एकदा जेवताना एका मुलाने विचारलं, तू इंडियाची, मग आदेओदातो बारेतो माहिती असेल ना? मला नव्हता माहिती. मडगावचा माणूस, इथे शिकायला आला आणि १९२८ मध्ये तेलो मास्कारेन्यास वगैरे गोवेकर विद्यार्थ्यांबरोबर ‘इंदिया नोव्हा’ म्हणजे नवभारत नावाचं पत्र काढलं, ऐन पोर्तुगालमध्ये बसून. मला हे एका पोर्तुगीज पोराकडून कळावं, जरा खजील झाले. तुम्ही वाचून जा.

काळा कोट आणि काळी केप घातलेले विद्यार्थी दिसतील, तो फॅन्सी ड्रेस नाही, इथला जुना विद्यार्थीवेष आहे, आणि केप धुवायची नसते. सीनियर लोक नव्या पोरांना गल्लीत गाणी म्हणायला लावतात, त्याला प्राश म्हणतात. एक्स्चेंजवाल्यांना पण बोलवतात, गंमत वाटली तर जा, नको वाटलं तर नाही म्हणा, इथले कितीतरी विद्यार्थी स्वतः त्याच्या विरोधात आहेत. मी एक दिवस गेले, मला रॅगिंगचा चुलत भाऊ वाटला, परत गेले नाही आणि कोणी काही बोललं नाही.

पण मे महिन्यातला विद्यार्थ्यांचा उत्सव, केइमा दाश फिताश, चुकवलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. फिता म्हणजे आपली फीत, केइमा म्हणजे जाळणं. प्रत्येक फॅकल्टीचा रंग ठरलेला, मेडिसिनचा पिवळा, लॉचा लाल, लेटर्सचा (भाषा-इतिहासवाल्यांचा) गडद निळा. सुरुवात मध्यरात्री, जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर फादो, म्हणजे इथली पारंपरिक गाणी, म्हणतात, चौकात हजारो माणसं आणि सगळी गप्प. कोइंब्राचा फादो लिस्बनपेक्षा वेगळा, परंपरेने पुरुषच म्हणतात, केप घालून, आणि तिथे टाळ्या वाजवायच्या नसतात, आवडलं तर खोकल्यासारखा घसा खाकरायचा. मी पहिल्याच गाण्याला जोरात टाळी वाजवली, बाजूच्या काकूंनी हात धरला. दोन तास आधी जा, नाहीतर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून फक्त कोणाची तरी पाठ दिसेल. पुढे मिरवणूक असते, ट्रकवर कागदाच्या फुलांची सजावट आणि वरून बिअरचा पाऊस, टाकून द्यायच्या लायकीचे कपडे घाला, फोन पिशवीत. ऑटम सेमिस्टरवाल्यांना हे मिळत नाही, त्यांना सुरुवातीला लाताडा मिळतो, डबे बडवत मिरवणूक, तो पण चालेल, पण निवड तुमच्या हातात असेल तर फेब्रुवारीचं सेमिस्टर घ्या. ओल पण कमी लागते.

विद्यापीठाची जोआनिना लायब्ररी बघाच, १७१७ ते १७२८ मध्ये बांधलेली, सोन्याचं नक्षीकाम आहेच, पण मला जास्त आवडली ती वटवाघळं. रात्री ती किडे खाऊन पुस्तकं वाचवतात आणि टेबलं घाण होऊ नयेत म्हणून संध्याकाळी त्यावर चामडं पसरतात. तळघरात विद्यार्थ्यांचा तुरुंग होता, गैरहजर राहणाऱ्यांनी नक्की बघावा. फिरायला फिगेइरा दा फोझचा समुद्र, साध्या ट्रेनने तासाभरात, आणि कोनिम्ब्रिगाचे रोमन अवशेष. लांबच्या ट्रेन कोइंब्रा-बी स्टेशनवर थांबतात, ते गावाच्या थोडं बाहेर आहे, रात्री उशिरा पोचत असाल तर पुढचं आधी ठरवून ठेवा.

निघायच्या वेळी घाई करू नका. ऑगस्टमध्ये गाव बंद असतं, ऑफिसमधली माणसं सुट्टीवर, म्हणून मुक्कामाच्या सर्टिफिकेटवर सही-शिक्का जुलैच्या मधल्या आठवड्यापर्यंत घेऊनच टाका. मार्कशीट मागून मेलवर येते, पण कोणाला मेल करायचा त्या बाईंचं नाव लिहून घ्या. गॅसचं, लाईटचं रीडिंग मालकिणीसमोर फोटो काढून ठेवा आणि डिपॉझिट चावी देतानाच मागा. सामानाचं म्हणाल तर डीह्युमिडिफायर सप्टेंबरला येणाऱ्या कुणालाही विकता येतो. कुकर मी एका रेपुब्लिकात देऊन आले, पहिल्या शिट्टीला तिथले सगळे अंगणात पळाले होते, आता त्यात रोज हरभरे शिजवतात म्हणे. तुम्ही गेलात तर गॅस्केट नवीन घेऊन जा, जुनी सैल झालीय.